दाढीच्या वाटीत काय असते?

रमजानचे शेवटचे दहा दिवस लागले, की नांदगावच्या तिठ्यासारख्या ठिकाणची सलूने रात्री उशिरापर्यंत उघडी दिसतात. रोजा सुटतो, तरावीहची नमाज आटोपते आणि तरुण मंडळी केस कापायला, दाढीची कड नीट करून घ्यायला येऊ लागतात. ईदसाठी मुंबईहून आलेले, नांदगाव रोड स्टेशनावर उतरलेले चाकरमानीही त्यात असतात. बाकावर त्यांच्या शेजारी उद्याच्या लग्नाला जाणारा दुसऱ्या वाडीतला कुणी वाट पाहत बसलेला असतो. गिऱ्हाईक कोणत्याही धर्माचे असो, दाढीची वाटी एकच. त्याच वाटीतला फेस मुसलमानाच्या गालाला लागतो, गळ्यात तुळशीची माळ असलेल्या वारकऱ्याच्या लागतो आणि चर्चला जाणाऱ्या मास्तरांच्याही लागतो.

या फेसाबद्दलचे प्रश्नही बहुतेक सारखेच असतात. साबणात जनावराची चरबी आहे का? आफ्टरशेव्हमध्ये अल्कोहोल असते, मग ते लावून नमाज होते का? ब्रशचे केस कुणाचे? दाढी केल्यावर मानेवर पुरळ येते, ते कशामुळे? यातले पहिले दोन प्रश्न मुसलमानाचे आणि बाकीचे इतरांचे, असे कुणाला वाटेल. प्रत्यक्षात चरबीचा प्रश्न वारकऱ्याला आणि जैनालाही तितकाच लागू आहे, आणि पुरळ कुणाचाही धर्म विचारून येत नाही.

दाढी ठेवणाऱ्यांचाही या विषयाशी संबंध येतोच. मिशी कातरणे, नखे काढणे, काखेतले आणि गुह्य भागातले केस काढणे ही इस्लाममध्ये स्वच्छतेची नेहमीची कामे मानली आहेत आणि त्यात चाळीस दिवसांपेक्षा जास्त खंड पडू नये, असे सांगितले आहे. म्हणून पूर्ण दाढी राखणाऱ्याच्या न्हाणीघरातही साबण आणि पाते असतेच.

तेल, क्षार आणि पाणी

साबणाची कृती मुळात सोपी आहे. कोणतेही तेल किंवा चरबी घ्यावी, तिच्यावर तीव्र क्षाराची प्रक्रिया करावी, की साबण आणि ग्लिसरीन तयार होते. क्षार कॉस्टिक सोडा, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड, असेल तर अंगाच्या साबणासारखी कडक वडी होते. त्याऐवजी पोटॅशियम हायड्रॉक्साइड वापरले तर साबण मऊ होतो, पाण्यात चटकन विरघळतो आणि भराभर फेस देतो. दाढीच्या क्रीममध्ये म्हणूनच पोटॅशियमचा वाटा मोठा असतो. दाढीच्या वडीत बहुधा दोन्ही क्षार असतात. पूर्वी राखेचे पाणी वापरून कपडे धूत, त्यामागेही हेच रसायन होते. केळीच्या खुंटाच्या राखेत पोटॅशियमचा क्षार भरपूर असतो.

क्षाराला इंग्रजीत अल्कली म्हणतात, तो शब्द मुळात अरबी. वनस्पती जाळून उरलेल्या राखेला अरबीत 'अल-कली' म्हणत. पॅलेस्टाईनमधले नाबलूस आणि सीरियातले हलब, म्हणजे अलेप्पो, ही शहरे ऑलिव्ह तेलाच्या साबणासाठी शतकानुशतके प्रसिद्ध आहेत. २०२४ मध्ये युनेस्कोने या दोन्ही ठिकाणच्या साबणकलेला अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले.

दाढीच्या साबणाची गरज मात्र अंगाच्या साबणापेक्षा वेगळी. अंगाच्या साबणाचा फेस लगेच धुतला तरी चालतो. दाढीचा फेस गालावर काही मिनिटे टिकला पाहिजे, केसाभोवती पाणी धरून ठेवले पाहिजे आणि पात्याला घसरायला वंगण दिले पाहिजे. केस कोमट पाण्यात दोन-तीन मिनिटे भिजला, की तो मऊ होतो आणि कापायला कमी जोर लागतो. म्हणजे दाढीतला सर्वांत महत्त्वाचा घटक पाणीच. बाकी सगळे घटक ते पाणी केसाजवळ टिकवून ठेवण्यासाठी असतात.

दोन्ही तेले आपल्याच परसात

फेसात दोन गुण लागतात. एक म्हणजे तो पटकन फुलावा, दुसरा म्हणजे तो दाट राहावा आणि बसू नये. पहिला गुण मुख्यतः लॉरिक अ‍ॅसिड देते, दुसरा स्टिअरिक अ‍ॅसिड.

खोबरेल तेलाचा जवळजवळ निम्मा भाग लॉरिक अ‍ॅसिडचा असतो. त्यामुळे खोबरेलाच्या साबणाला मोठमोठे बुडबुडे येतात. खाऱ्या पाण्यात साधा साबण फेस देत नाही. खोबरेलाचा साबण मात्र समुद्राच्या पाण्यातही फेसाळतो, म्हणून जहाजांवरच्या खलाशांसाठी तो मुद्दाम बनवला जाई. पण नुसत्या खोबरेलाचा फेस लवकर बसतो आणि त्वचा कोरडी करतो. त्याला स्टिअरिक अ‍ॅसिडची जोड लागते.

हे स्टिअरिक अ‍ॅसिड सिंधुदुर्गात कोकमाच्या बीमध्ये आहे. आमसुले करून झाली, की उरलेल्या बियांचे जे घट्ट तेल काढतात आणि थंडीत फुटलेल्या टाचांना लावतात, ते मुठेल. त्यात निम्म्याहून अधिक स्टिअरिक अ‍ॅसिड असते. म्हणूनच ते नेहमीच्या हवेत तेलासारखे पातळ न राहता मेणासारखे घट्ट राहते. डब्यावर त्याचे नाव 'गार्सिनिया इंडिका सीड बटर' असे येते आणि खोबरेलाचे 'कोकोस न्युसिफेरा ऑइल'. दाढीच्या साबणाला लागणारी दोन्ही मुख्य तेले अशी इथल्या माडाखाली आणि रातांब्याखाली मिळतात, आणि दोन्ही कुणालाही वर्ज्य नाहीत. मोठ्या कारखान्यांना मात्र मुठेल परवडत नाही. ते पामतेलापासून किंवा जनावरांच्या चरबीपासून काढलेले स्टिअरिक अ‍ॅसिड घेतात. चरबीचा प्रश्न इथूनच सुरू होतो.

चरबीचा जुना वाद

गाय आणि डुक्कर यांच्या चरबीवरून या देशात काय होऊ शकते, हे १८५७ ने दाखवले. एनफिल्ड रायफलीच्या काडतुसांना ही चरबी लावली आहे, या शंकेने हिंदू आणि मुसलमान शिपाई एकाच वेळी बिथरले. १९८३ मध्ये वनस्पती तुपात जनावरांची चरबी मिसळल्याचे प्रकरण देशभर गाजले. तेव्हाही संताप कोणत्या एका समाजाचा नव्हता.

साबणाच्या बाबतीत यावर उत्तर मुंबईत शोधले गेले. कुलपे आणि तिजोऱ्या बनवणाऱ्या अर्देशीर गोदरेज यांनी पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस केवळ वनस्पती तेलाचा साबण बाजारात आणला. त्या काळी साबणात चरबी असणे ही सर्रास गोष्ट होती. स्वदेशीच्या त्या दिवसांत या साबणाच्या जाहिरातीत रवींद्रनाथ टागोरांचेही शिफारसपत्र झळकले. पारशी कारखानदाराचा साबण हिंदू, जैन, मुसलमान अशा सगळ्या घरांत निःशंक मनाने गेला, कारण त्यात काय आहे हे आधीच उघड सांगितले होते.

आज डब्यावर 'सोडियम टॅलोएट' किंवा 'टॅलो' हा शब्द दिसला, तर तो साबण चरबीचा आहे हे नक्की. 'सोडियम पामेट' म्हणजे पामतेलाचा आणि 'सोडियम कोकोएट' म्हणजे खोबरेलाचा. अडचण 'स्टिअरिक अ‍ॅसिड' आणि 'ग्लिसरीन' या दोन नावांची. रासायनिकदृष्ट्या ती तेलातून आली काय किंवा चरबीतून आली काय, एकच. नावावरून उगम कळत नाही. काही डब्यांवर वनस्पतिजन्य असल्याचा हिरवा ठिपका असतो. तो असेल तर प्रश्न मिटला. नसेल, तर तेवढ्यावरून चरबी आहेच असे म्हणता येत नाही. कंपनीचा ग्राहक सेवा क्रमांक डब्यावरच असतो, तिथे विचारावे.

मुसलमानांमध्ये या बाबतीत दोन मते आहेत आणि ती जुनी आहेत. एखाद्या नापाक वस्तूचे स्वरूप पूर्ण पालटले तर ती पाक होते, या तत्त्वाला 'इस्तिहाला' म्हणतात. हनफी फिकहमध्ये त्याचे नेहमीचे उदाहरणच साबणाचे दिले जाते. नापाक तेलाचा साबण झाला, म्हणजे ते तेल उरले नाही. शाफई फिकहमध्ये हे तत्त्व फारच थोड्या गोष्टींना लागू होते. दारूचा आपोआप झालेला सिरका हे त्यातले ठळक उदाहरण. देशातले बहुसंख्य मुसलमान हनफी, तर कोकणातले बहुसंख्य शाफई. म्हणून लखनौच्या पाहुण्याला चालणारा साबण नांदगावच्या यजमानाला खटकू शकतो आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात.

एका नावाचे दोन पदार्थ

क्रीमच्या डब्यावर 'सिटाइल अल्कोहोल', 'स्टिअरिल अल्कोहोल' किंवा 'सिटोस्टिअरिल अल्कोहोल' वाचून काहीजण डबा परत ठेवतात. त्याची गरज नाही. हे पांढरे, मेणासारखे घट्ट पदार्थ आहेत. त्यांनी नशा येत नाही आणि दारूशी त्यांचे नाते फक्त रसायनशास्त्रातल्या आडनावापुरते आहे. क्रीम दाट करणे आणि त्वचेला मऊपणा देणे हे त्यांचे काम. तेही तेलातून किंवा चरबीतून येऊ शकतात, तेवढी शंका मात्र स्टिअरिक अ‍ॅसिडसारखीच राहते.

आफ्टरशेव्ह लोशनमध्ये असते ते 'अल्कोहोल डिनॅट'. हे खरे इथेनॉल. पिता येऊ नये म्हणून त्यात कडू किंवा उलटी आणणारे पदार्थ मिसळलेले असतात. ते भुर्रकन उडते, गार वाटते, जंतू मारते आणि पात्याने खरवडलेल्या कातडीला झोंबते. कोरड्या त्वचेच्या माणसाला ते आणखी कोरडे करते, हा वैद्यकीय तोटा सर्वांसाठी. धार्मिक बाजूने पाहिले तर अनेक हनफी उलेमा द्राक्षे किंवा खजूर यांपासून न बनलेल्या अशा अल्कोहोलच्या बाह्य वापराला परवानगी देतात. शाफई मतात नशा आणणारा द्रव नापाक मानतात, त्यामुळे तिथे काटेकोरपणा अधिक. ज्याला शंका आहे त्याने आपल्या आलिमांना विचारावे. ज्याला शंकाच नको आहे, त्याच्यासाठी अल्कोहोल नसलेले बाम, गुलाबपाणी किंवा साधे गार पाणी आहे. कनोजची पारंपरिक अत्तरे चंदनाच्या तेलात उतरवलेली असतात, त्यातही अल्कोहोल नसते.

गंमत अशी, की 'अल्कोहोल' हा शब्दही अरबी 'अल-कुह्ल'वरून आला. कुह्ल म्हणजे डोळ्यात घालायचा सुरमा.

ब्रशचे केस

फेसापेक्षाही ब्रशकडे लक्ष देण्याची गरज आहे, कारण तिथे शंका नसून वस्तुस्थिती आहे. ब्रशच्या व्यापारात 'ब्रिसल' म्हणजे डुकराचा राठ केस. 'प्युअर ब्रिसल' असे छापलेला ब्रश बहुधा त्याचाच असतो. महागड्या परदेशी ब्रशांत बॅजर नावाच्या प्राण्याचे केस असतात, काहींत घोड्याचे. नायलॉन आणि इतर कृत्रिम तंतूंचे ब्रश स्वस्तात मिळतात, लवकर वाळतात आणि फेसही छान करतात. खात्री करायची तर एक तंतू उपटून काडेपेटीने जाळून पाहावा. प्राण्याच्या केसाला केस जळल्याचा वास येतो आणि त्याची राख चुरगळते. नायलॉन वितळून त्याचा टणक मणी होतो.

प्राण्यांच्या केसांमागे एक काळा इतिहासही आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात घोड्याच्या केसांचे, नीट निर्जंतुक न केलेले दाढीचे ब्रश वापरून ब्रिटन आणि अमेरिकेत अनेक सैनिकांना आणि नागरिकांना अँथ्रॅक्स झाला. काहींचा त्यात मृत्यू झाला. आज तशी परिस्थिती नाही. पण सलूनवाल्याने कृत्रिम तंतूंचा ब्रश ठेवला आणि तसे गिऱ्हाइकांना सांगितले, तर थोड्या पैशांत सगळ्यांची मने निःशंक होतात.

पुरळ कशामुळे?

साबण क्षारीय असतो, त्वचा किंचित आम्लधर्मी. फेस गालावर वाळू दिला किंवा नीट धुतला नाही, तर आग होते. तरीही त्रास राहिला तर डब्यावरच्या तीन गोष्टी पाहाव्यात.

पहिली सुगंध. 'परफ्यूम' किंवा 'फ्रॅग्रन्स' या एका शब्दाखाली डझनावारी रसायने असू शकतात आणि त्वचेच्या अ‍ॅलर्जीचे ते एक नेहमीचे कारण आहे. लिमोनीन, लिनालूल ही नावे त्यातलीच. ज्यांना त्रास होतो त्यांनी सुगंधरहित क्रीम घ्यावे. रमजानमध्ये उमऱ्याला जाणाऱ्यांनाही सुगंधरहित साबणच लागतो, कारण एहरामात सुगंध वर्ज्य असतो.

दुसरी टिकाऊपणासाठी घातलेली रसायने. 'मिथाइलआयसोथायझोलिनोन' हे लांबलचक नाव लक्षात ठेवण्याजोगे आहे. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या एका संस्थेने त्याला वर्षातला लक्षवेधी अ‍ॅलर्जीकारक पदार्थ ठरवले. अंगावर तसेच राहणाऱ्या क्रीम-लोशनमध्ये ते वापरायला युरोपात बंदी आहे.

तिसरी मेंथॉल. पुदिन्याच्या जातीच्या वनस्पतीपासून ते निघते आणि उत्तर प्रदेशात तिची मोठी लागवड आहे. मेंथॉलने त्वचा खरोखर गार होत नाही, फक्त गारवा जाणवणाऱ्या नसा चेतवल्या जातात. नाजूक त्वचेला हेच मेंथॉल झोंबते.

डबा दाबला की फसकन येणाऱ्या फोममध्ये आणखी एक गोष्ट असते. फेस बाहेर ढकलणारा वायू बहुधा ब्युटेन, आयसोब्युटेन किंवा प्रोपेन असतो, म्हणजे घरगुती गॅसच्याच कुटुंबातला. तो डबा चुलीजवळ किंवा उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नये.

सगळा दोष घटकांचाही नसतो. कुरळ्या केसांच्या माणसाने उलट्या दिशेने घट्ट दाढी केली, की कापलेला केस वळून कातडीत शिरतो आणि फोड येतो. त्यावर उपाय क्रीम बदलण्याचा नसून केसांच्या दिशेने पाते फिरवण्याचा आहे.

तुरटी आणि पाते

तुरटी म्हणजे पोटॅशियम आणि अ‍ॅल्युमिनियम यांचे सल्फेट. खनिज असल्यामुळे तिच्याबद्दल चरबी किंवा अल्कोहोल असा कोणताच प्रश्न नाही. ती रक्तातली प्रथिने गोठवते आणि कातडी आवळते, म्हणून बारीक कापलेले लगेच थांबते. पण तोच खडा एकाच्या रक्ताळलेल्या गालावरून दुसऱ्याच्या गालावर जाऊ नये. हिपॅटायटिस बी आणि सी हे विषाणू रक्तातून पसरतात आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत. घरची तुरटी सोबत न्यावी किंवा सलूनवाल्याला तिचे पाणी कापसाने लावायला सांगावे. पाते प्रत्येकाला नवेच हवे. ईदच्या किंवा लग्नसराईच्या गर्दीत हे सांगायला संकोच वाटतो, आणि नेमके तेव्हाच सांगायला हवे.

डबा वाचायला शिकू या

आपल्याकडच्या नियमांनुसार सौंदर्यप्रसाधनांच्या वेष्टनावर घटकांची यादी द्यावी लागते. एक टक्क्याहून अधिक असलेले घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असतात, त्याहून कमी असलेले नंतर कोणत्याही क्रमाने. म्हणजे पहिली चार-पाच नावे वाचली, की डब्यात मुख्यतः काय आहे ते कळते. 'अ‍ॅक्वा' म्हणजे पाणी. वेष्टनावर कोरफडीचे किंवा चंदनाचे चित्र मोठे असेल आणि यादीत त्यांचे नाव अगदी शेवटी असेल, तर त्यांचे प्रमाण किती असेल ते आपणच ओळखावे.

अक्षरे बारीक असतात, भाषा इंग्रजी-लॅटिन असते. वयस्कर माणसाला किंवा सलूनमध्ये दिवसभर उभे असलेल्या कारागिराला ती वाचणे अवघड जाते. कॉलेजात जाणाऱ्या मुलाने मोबाईलवर फोटो मोठा करून ही यादी घरात आणि सलूनमध्ये वाचून दाखवली, तर ते दहा मिनिटांचे काम आहे. सणासुदीला मोबाईलवर 'अमुक क्रीममध्ये डुकराची चरबी' किंवा 'तमुक साबणात गाईची चरबी' असे संदेश फिरतात. ते पुढे पाठवण्याआधी तोच मोबाईल डब्याच्या मागच्या बाजूला धरावा.

सलूनवाल्यांसाठीही यात एक साधी सोय आहे. वनस्पती तेलाचे क्रीम, कृत्रिम तंतूंचा ब्रश, अल्कोहोल नसलेले एक लोशन आणि प्रत्येकाला नवे पाते एवढे ठेवले, तर खुर्चीत कुणीही बसो, वाटी बदलावी लागणार नाही. शाफई असो, हनफी असो, वारकरी असो वा जैन, कुणालाच मग 'यात काय आहे' असे दबक्या आवाजात विचारण्याची वेळ येणार नाही. ज्याला विचारायचे आहे त्याने मोकळेपणाने विचारावे आणि सलूनवाल्याने डबाच हातात द्यावा.